चढाला येणारी ठकठक

तासगाव
१८ जून २०२५

मुजीब,

नमस्कार-बिमस्कार लिहीत न्हाई. फोन केला की तू "बघतो, बघतो" म्हणून ठेवून देतोस, म्हणून कागद पाठवतोय. कागद निदान फाडावा तरी लागंल. आमचा टेम्पो दर बुधवारी बेदाणा घेऊन साताऱ्याला येतो. त्याच्यावरचा तानाजी हे तुझ्या गॅरेजात आणून दील आणि उत्तर घेऊन येईल.

जानेवारीत तू मला ती हायब्रीड गाडी घेऊन दिलीस. "पुण्याची एकहाती गाडी हाय, माझ्या पोरीनं तीन दिवस तपासलीय, डोळे झाकून घे." हे तुझे शब्द. मी डोळे झाकले. आता उघडलेत. चढ आला की इंजिनात ठकठक सुरू होती, पितळी तांब्यावर चमचा मारावा तशी, आणि गाडीची ओढच जाती. परवा आईला डोळं दाखवायला पुण्याला निघालो हुतो. खंबाटकीत निम्म्या घाटावर गाडी बैलगाडीच्या चालीला आली. मागनं ट्रकवाले शिव्या देत हुते आणि ब्याऐंशी वर्षांची माझी आई मागं बसून णमोकार मंत्र म्हणत हुती.

सांगलीला कॉलेजात असताना विश्रामबागच्या खोलीत आपण तीन वर्षं एका स्टोव्हवर चहा केला. तुझ्या बापानं, लियाकतचाचानं, आमच्या बाबांची जीप पंधरा वर्षं सांभाळली, कवा दगा दिला न्हाई. आणि तू माझी गाडी पोरीच्या हाताखाली घातलीस. चार पुस्तकं शिकली म्हणजे पोरगी मेस्त्री झाली व्हय? मी हे तासगावच्या बेदाण्याच्या सौद्यात, सगळ्या व्यापाऱ्यांपुढं बोललोय आणि बोलत ऱ्हाणार हाय. मुजीबकडनं गाडी घिऊ नका, तिथं पोरगी गाड्या पास करती.

काय करतोस ते कळव.

धरणेंद्र


सातारा
२६ जून २०२५

धरणेंद्रकाका,

तुमचं पत्र अब्बांनी वाचलं आणि माझ्यापुढं टाकलं. "तुझ्यावर आहे, तूच बघ," म्हणाले. पुढं जे म्हणाले तेही सांगते, म्हणजे तुमच्या जिभेनं काय केलं ते तुम्हाला कळेल. धरणेंद्रची गाडी का ठोकते ते सापडेपर्यंत तू कुठल्याच हायब्रीडला हात लावायचा नाहीस, काउंटरला बसून पावत्या कर. सहा वर्षं मी या गाड्यांचं काम शिकले. पुण्यात शिकले, घरच्यांशी भांडून शिकले. आज सकाळपासून मी पावत्या करतेय.

फोन मीही करू शकले असते. पण फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही. कागदावर मधेच तोडता येत नाही, तेवढं बरं आहे.

मी दिली तेव्हा गाडी ठोकत नव्हती. यवतेश्वरचा घाट चार माणसं बसवून मी ती दोनदा चढवली होती. म्हणजे जे काही झालं ते तुमच्या दारात झालं. गाडी इकडं आणा. आणणार नसाल तर विचारते त्याची सरळ उत्तरं द्या. ठकठक गाडी थंड असताना होते की तापल्यावर? सपाट रस्त्याला होते का? पेट्रोल कुठलं भरता? मागच्या सीटवर काय ठेवता? पुढं काचेखाली एखादा दिवा लागला होता का, आणि लागला असेल तर तो कुणी घालवला?

आधी उत्तरं लिहा. शिव्या त्याच्याखाली लिहा, जागा उरली तर.

तरन्नुम


तासगाव
२ जुलै २०२५

मुजीब,

मी तुला लिहिलं हुतं, तुझ्या पोरीला न्हाई. बापाच्या नावच्या पत्राला पोरीनं उत्तर द्यायचं ही रीत आमच्यात न्हाई, तुमच्यातबी नव्हती. लियाकतचाचा असता तर ह्या भाषेला त्यानं कान उपटला असता.

तरी विचारलंय म्हणून सांगतो, तुला सांगतो. ठकठक तापल्यावर. सकाळी गाडी गुमान असती. सपाटीला न्हाई, चढाला, आणि माणसं भरली की जास्त. पेट्रोल तासगावच्या एकाच पंपावर भरतो. तिथं भेसळ असती तर सगळं तासगाव ठोकत हिंडलं असतं. मागच्या सीटवर बेदाण्याच्या नमुन्याच्या पेट्या असत्यात. व्यापारी माणूस हाय मी, तिथं काय झेंडूची फुलं ठेवू? दिवा एकदा लागला हुता, पिवळा. विश्रामबागच्या एका मेस्त्रीनं मशीन लावून पंधरा मिनिटांत पुसून टाकला. तुझ्या पोरीला तीन दिवस लागले आणि तरी काय कळलं न्हाई.

गाडीच्या निगेबद्दल तर बोलूच नको. माझी आई सकाळी गाडीकडं बघितल्याबगर चहा घेत न्हाई. आमच्याकडं गाडी माणसासारखी ऱ्हाती.

आणि गाडी मी साताऱ्याला आणणार न्हाई. फसवलेल्या माणसानं फसवणाऱ्याच्या दारात जायचं, हे उलटं मला जमत न्हाई.

धरणेंद्र


सातारा
१० जुलै २०२५

धरणेंद्रकाका,

पत्र अब्बांच्या नावानं लिहा नाहीतर माझ्या मेलेल्या आजोबांच्या नावानं लिहा, उघडणार मीच आहे.

दिवा पुसला म्हणजे दुखणं गेलं नाही. तुमच्या त्या मेस्त्रीनं पुसायच्या आधी मशीनवरचा बिघाडाचा आकडा कागदावर लिहून घेतला असता, तर आपण दोघं हे कागद काळे करत बसलो नसतो. पंधरा मिनिटांत त्यानं पुरावा घालवला आणि तुम्ही त्याचं कौतुक करताय.

आता पेट्या. मागच्या सीटच्या कडेला, खाली, जाळीचं एक तोंड आहे. या गाडीची मोठी बॅटरी मागं असते आणि तिला थंड हवा त्या तोंडातनं जाते. तुम्ही त्यावर बेदाणा रचलाय. बॅटरी तापली की ती मोटरला वीज कमी देते, मग चढाला सगळा भार एकट्या इंजिनावर पडतो. भार पडला की इंजिन तापतं. तापलं की पेट्रोल वेळेआधीच आत पेटतं, तीच तुमची ठकठक. गाडीतला कंप्युटर ती ऐकतो आणि इंजिन फुटू नये म्हणून ओढ आणखी कमी करतो. गाडी तुम्हाला दगा देत नाही, स्वतःला वाचवतेय.

पेट्या काढा. जाळी काढून कोरड्या ब्रशनं साफ करा, पाणी लावू नका. माझा अंदाज हा आहे. खात्री नाही, कारण गाडी समोर नाही, आणि ती समोर का नाही ते तुम्हाला माहीत आहे.

तरन्नुम


तासगाव
२३ जुलै २०२५

मुजीब,

तुझ्या पोरीचा अंदाज बोंबलला.

जाळी काढली. बेदाण्याची धूळ आणि काड्या निघाल्या, ते खरं. दोन दिवस गाडी बरी पळाली. मी म्हटलं, असू दे, पोरीला काहीतरी येतंय. तिसऱ्या दिवशी भिवघाटाला परत तेच, आणि पहिल्यापेक्षा वंगाळ. आता ठकठक सुरू झाली की गाडी कण्हती. गाडीत पाव्हणं बसलं हुतं. त्यांनी विचारलं, नवी घेतली का? मी काय सांगू? पोरीनं पास केलेली हाय म्हणून सांगू?

सोमवारी सौद्यात मी सगळं सांगितलं. जाळीचंबी सांगितलं. लोक लय हसले. पलूसचा आप्पासो तिथंच हुता. त्याची तसलीच गाडी तुझ्याकडं दुरुस्तीला पडलीय म्हणं. त्यो म्हणाला, मी माझी उचलतो. मी अडवलं न्हाई. का अडवू?

गाड्या दुरुस्त करायच्या तर माणसागत कर, न्हाईतर पाटी उतरव.

धरणेंद्र


सातारा
२४ जुलै २०२५

काका,

आप्पासो काल दुपारी आले. त्यांची गाडी माझ्यावर बंदी यायच्या आधी मी अर्धी उघडली होती, ती तशीच पडून होती. सुटे भाग पोत्यात भरून, गाडी टेम्पोवर चढवून ते घेऊन गेले. जाताना माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. अब्बांनी दोर बांधायला मदत केली. मग माझी पान्ह्यांची पेटी उचलून आतल्या खोलीत नेली आणि कुलूप घातलं. "लोकांना पटत नाही तर नको बेटा," एवढंच म्हणाले. ते ओरडले असते तर मी भांडले असते.

तुमची गाडी अजून चालते आहे, काका. सपाटीला का होईना, चालते. माझं काम बंद झालं. तुम्ही चार माणसांना हसवलंत आणि माझी पेटी कुलपात गेली. मला तुमचा राग येतो, आणि तो इथं लिहून ठेवते, नंतर कुणी म्हणायला नको की पोरगी गोड बोलत होती.

अंदाज चुकला, कबूल. पूर्ण चुकला नाही, दोन दिवस गाडी पळाली हे तुम्हीच लिहिलंत. पण तापण्याचं मूळ दुसरीकडं आहे. या गाडीत बोनेटखाली कूलंटच्या दोन टाक्या आहेत. एक इंजिनाची. दुसरी इन्व्हर्टरची, म्हणजे बॅटरीची वीज मोटरला पुरवणारी जी पेटी असते तिची. दोन्हीतलं थोडं थोडं दोन वेगळ्या बाटल्यांत काढा, बाटल्यांवर नाव लिहा आणि तानाजीजवळ द्या. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, पूर्ण थंड असतानाच झाकण उघडा. गरम असताना उघडलंत तर तोंड भाजेल. तुमच्याशी माझं भांडण आहे, पण तोंड भाजावं इतकं नाही.

तरन्नुम


तासगाव
६ ऑगस्ट २०२५

मुजीब यास,

दोन बाटल्या पाठवल्यात. नावं घातलीत. दोन्ही टाक्यांत कंपनीचंच कूलंट हाय. कुणी पाणी-बिणी घातलेलं न्हाई. गाडीला आमच्या घरात कोण हात लावत न्हाई.

आता ह्यात अजून खोलात जाऊ नये. गाडीचं काय करायचं ते मी माझं बघून घेतो. विषय बंद.

धरणेंद्र


सातारा
७ ऑगस्ट २०२५

काका,

या पत्रात एकही शिवी नाही. तिथंच मला संशय आला.

जानेवारीत मी दोन्ही टाक्यांत गुलाबी कूलंट भरलं होतं. माझ्या हातानं. तुम्ही पाठवलेल्या दोन्ही बाटल्यांत हिरवं आहे. तेही इतकं स्वच्छ की दुकानातनं आणून सरळ बाटलीत ओतलेलं. सहा महिने तापून थंड झालेलं कूलंट असं दिसत नाही, लहान पोरालाही कळेल. आणि इंजिनाचं आणि इन्व्हर्टरचं थेंबानं थेंब सारखं आहे.

दुसरं. पाणी घातलं का, असं मी तुम्हाला विचारलंच नव्हतं. माझं पत्र काढून परत वाचा. पाण्याचं नाव तुम्ही काढलंत.

म्हणजे टाक्यांत पाणी आहे, ते तुम्ही बघितलंय, आणि माझ्यापासून लपवायला दुकानात जाऊन हिरवं विकत घेतलंत. तुमच्याकडची विहीर खारट आहे, तिचा पांढरा थर भांड्यांवर चढतो, हे अब्बा मला लहानपणापासून सांगतात. तोच थर आता इंजिनाच्या आतल्या बारीक वाटांत बसला असणार. तिथं तुमचा ब्रश पोचत नाही. गाडी चालवू नका. इन्व्हर्टर गेला तर ती सपाटीलाही हलणार नाही.

सगळ्या तासगावात मला खोटी ठरवलीत, काका. खोटं कोण बोललं?

तरन्नुम


(छापील कार्ड)

उत्तम क्षमा

जय जिनेंद्र. दशलक्षण पर्वाच्या सांगतेनिमित्त, गेल्या वर्षभरात आमच्याकडून मनानं, वाचेनं, कायेनं, कळत-नकळत आपलं मन दुखावलं गेलं असल्यास आम्ही सपरिवार अंतःकरणपूर्वक क्षमा मागतो.

(खाली पेनानं)

मुजीब आणि घरच्या सर्वांस. धरणेंद्र. ८ सप्टेंबर २०२५


सातारा
११ सप्टेंबर २०२५

धरणेंद्रकाका,

महिनाभर तुमचं पत्र नाही. तानाजी दर बुधवारी आला आणि रिकाम्या हातानं गेला. काल आला तो हे कार्ड घेऊन. अब्बांनी डोळ्यांना लावलं आणि काउंटरच्या काचेखाली ठेवलं. दर वर्षी ठेवतात. "बघ, माफी मागितली त्यानं," म्हणाले. मी ते काचेखालनं काढलं आणि परत पाठवतेय.

हे कार्ड तुम्ही कितीजणांना पाठवलंत? दोनशे? ज्यांच्याशी वर्षभरात तुमचं एक वाकडं बोलणं झालं नाही त्यांनाही हेच गेलं असेल. "कळत-नकळत" असं छापलंय. नकळत झालं असतं तर मी कार्ड ठेवून घेतलं असतं. तुम्ही माझं नाव सौद्यात घेतलं ते कळत घेतलं. हिरव्या बाटल्या भरल्या त्या कळत भरल्या. आप्पासोंना अडवलं नाही ते तर तुम्ही स्वतः लिहून कळवलंत.

तुमच्या धर्मातलं मला फार कळत नाही. पण ज्याचं नुकसान केलं त्याच्यापुढं जाऊन, काय केलं ते तोंडानं सांगून क्षमा मागायची, असं असणार. छापखान्याला सांगून नाही. जिथं बोललात तिथं उभं राहून उलटं बोला. तोवर मला तुमची क्षमा नको आणि तुम्हाला माझी मिळणार नाही.

माझी पेटी अजून कुलपात आहे.

तरन्नुम


तासगाव
१७ सप्टेंबर

चि. तरन्नुमला विजयमाला आजीचा आशीर्वाद.

मी चवथी शिकलेली. अक्षराला हसू नको. धरणेंद्रला मी पत्र लिवतेय हे ठावं न्हाई. कार्ड परत आलेलं त्याच्या गादीखाली सापडलं. त्याच्यासंगट तुजी सगळी पत्रं हुती. चष्मा लावून दोन दिस वाचली.

बाई, पाणी मी घातलं.

तुझा आजा लियाकत मेस्त्री आमची जीप नीट करायचा. एकदा आमच्या मालकांनी पाण्याबिगर जीप पळवली आन् इंजिन जाम केलं. तवा त्यो मला म्हनला, "भाभी, सायबांना ध्यान न्हाई. तुमी रोज सकाळी पाणी बघत जावा. पाणी आसलं की इंजिन मरत न्हाई." त्या दिसापासनं मी पाणी बघती. जीप गेली, ट्रॅक्टर आला, त्यालाबी घातलं. डिझेलची गाडी आली, तिलाबी घातलं, ती काय बोलली न्हाई. मग ही आली. तानाजी सकाळी बोनेट उचलायचा, मी घालायची. हिला दोन तोंडं दिसली, मी म्हनलं दोनीत थोडं थोडं. वर आलं तर सांडायचं, दुसऱ्या दिशी परत.

विहिरीचं पाणी, पर दोनपदरी फडक्यातनं गाळून. तापणारं पाणी न गाळता घातलं तर त्यातल्या जिवांची हत्या व्हती. माणसाला गाळून देतो तसं इंजिनालाबी गाळून. फडक्यावर ऱ्हायलेलं परत विहिरीत सोडत हुते. मला वाटायचं ह्याच्यापरीस चोख पाणी तासगावात कुटल्या गाडीला मिळत नसंल. खार फडक्यातनं गाळून जात न्हाई हे मला ह्या वयात तुज्या पत्रातनं कळलं.

जानेवारीत तू गाडी घेऊन दारात आलतीस तवा मी तुला इचारलं हुतं, हिला पाणी कवा बघायचं? तू हासलीस, म्हनलीस, आजी, ह्या गाडीला काय लागत न्हाई. मला वाटलं, बारकी पोर हाय, हिला काय ठावं. मी लियाकतचं ऐकलं, तुजं ऐकलं न्हाई.

माझ्यासाठनं माझं पोरगं खोटं बोललं. पर्वाचे दहा दिस मी एक वेळ जेवले, आन् घरात खोटं ठेवून जेवले. ते सगळं मातीत गेलं. त्याला मी आज सांगणार हाय. तुजी पेटी उघडली का ते कळव.

विजयमाला


तासगाव
२४ सप्टेंबर २०२५

चि. तरन्नुम हिस,

पहिल्यांदा तुझ्या नावानं लिहितोय. हात जड झालाय, तरी लिहितो.

तुझं बाटल्यांचं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी बोनेट उघडलं हुतं. टाकीच्या तोंडाला पांढरी खपली आणि आत गढूळ पाणी. तानाजीला विचारलं तर म्हणाला, "आज्जी रोज घालत्यात की." तुझी माझी सगळी पत्रं त्यानं नेली-आणली, आणि गड्याला पहिल्या दिवसापासनं ठावं. का सांगितलं न्हाईस म्हटलं तर म्हणतो, कुणी इचारलंच न्हाई.

आईला कळलं तर ती अन्न सोडंल अशी मला भीती. म्हणून हिरवं आणलं. खोटं बोललो ते आईसाठी बोललो, पण त्याचं ओझं तुझ्यावर टाकलं. पाणी सापडल्यावर तरी मी सौद्यात जाऊन तोंड उघडायला पाहिजे हुतं. तिथं आईचं कारण चालत न्हाई, तिथं मला लाज वाटली एवढंच.

सोमवारी सौदा सुरू व्हायच्या आधी उभा ऱ्हायलो. म्हटलं, मुजीबच्या पोरीनं, तरन्नुमनं, माझी गाडी चोख तपासली हुती. गाडी माझ्या घरात बिघडली. विहिरीचं पाणी मी माझ्या हातानं घातलं, आणि चोरी उघडी पडू नये म्हणून तिला खोट्या बाटल्या पाठवल्या. तिनं साताऱ्यात बसून, गाडी न बघता, कागदावर धरलं. लोक हसले. आप्पासो सगळ्यांपेक्षा जास्त हसला. त्याची गाडी सांगलीत कुणालाच परत जोडता येईना, त्यो उद्या तुझ्याकडं येतोय. अडवायचं तर अडव, तुझी मर्जी.

घरी येऊन आईला सांगितलं. मला वाटलं तिला बरं वाटंल. ती म्हणाली, "परत खोटं बोललास. पाणी मी घातलं." दोन दिवस झाले, बोलत न्हाई माझ्याशी.

मुजीबला वेगळं पत्र लिहिलंय. पेटी काढून दे म्हणून.

एक सांगतो, राग मानलास तरी सांगतो. तुझी जीभ लय तिखट हाय. लियाकतचाचाची असली नव्हती.

धरणेंद्र


सातारा
२५ सप्टेंबर २०२५

धरणेंद्रकाका,

आजोबांची जीभ माझ्यापेक्षा तिखट होती, अब्बा सांगतात. तुमच्या बाबांपुढं ते गिळून घ्यायचे. मी गिळत नाही.

पेटी काल संध्याकाळी बाहेर आली. तुमचं पत्र वाचून अब्बा आत गेले, कुलूप काढलं आणि पेटी माझ्या बाकड्यावर आणून ठेवली. सगळे पान्हे पुसलेले होते. इतके दिवस ते आत जाऊन पुसत होते हे मला माहीत नव्हतं. मला रडू आलं आणि मी त्यांच्याशी भांडले, एवढे दिवस का नाही दिलीत म्हणून.

आप्पासो सकाळी आले, पोतं घेऊन. मी त्यांना दोन तास बाहेर बसवलं. मग गाडी घेतली.

तुम्हाला माफ केलं असं समजू नका. सौद्यात बोललात ते ऐकलं, तानाजीनंही सांगितलं, त्याला आता विचारलं की सांगतो. आजींचं पाणी तुम्ही स्वतःच्या हातावर घेतलंत, ते खोटं मी धरत नाही. पण तीन महिने गेले ते गेले. त्या महिन्यांचा माझा राग उतरायला वेळ लागेल, आणि किती लागेल ते मी ठरवणार.

माझीही एक चूक आहे, ती तुम्ही विचारणार नाही म्हणून मीच लिहिते. गाडी देताना काय करू नये त्याचा कागद मी तुमच्या हातात दिला आणि तुम्ही तो न वाचता घडी घालून गाडीतल्या खणात टाकलात. आजींनी तर मला सरळ विचारलं होतं आणि मी हसले. त्यांना टाक्या दाखवून सांगायला दोन मिनिटं लागली असती. आजोबांनी ती दोन मिनिटं दिली होती, म्हणून त्यांचा शब्द पन्नास वर्षं टिकला.

गाडी चालवत आणू नका, टेम्पोवर घालून आणा. सगळं पाणी काढायचं, आतला थर धुवायचा, मग बघू इन्व्हर्टर वाचलाय का. वाचला नसेल तर तसंच सांगेन. बुधवारी या, दहाच्या आत.

आजींना सोबत आणा, बोलत नसल्या तरी आणा. बोनेट मी उघडीन आणि दोन्ही टाक्या त्यांना दाखवीन. मग मी जे सांगेन ते त्यांनी ऐकायचं, आजोबांचं ऐकलं तसं.

तरन्नुम